सोलापुरात प्लॉट घेताय किंवा घर बांधताय? डीपी, झोन, आरक्षण आणि हरकत, सगळं पायरीपायरीने

जागा घेताना आपल्याकडे सातबारा बघतात, फारतर वकिलाकडून सर्च काढतात, भाव थोडा पाडून घेतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. डीपी, म्हणजे शहराची विकास योजना (डेव्हलपमेंट प्लॅन), बघायला कोणी जात नाही. मग घर बांधायला काढलं की इंजिनिअर नकाशा घेऊन येतो आणि सांगतो की मालक, तुमच्या प्लॉटच्या कोपऱ्यातून बारा मीटरचा रस्ता जातोय, परवाना मिळायचा नाही. तोवर पैसे गेलेले असतात. मी भाग नकाशा काढण्यापासून हरकत घालून सुनावणीला उभं राहण्यापर्यंत सगळ्यातून गेलोय, आणि एक गोष्ट मला पक्की कळली की नगररचनेत तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. जे लेखी आहे, मुदतीत दिलंय आणि ज्याची पोच तुमच्याकडे आहे तेवढंच चालतं. म्हणून हे सगळं नवीन माणसाला कळेल असं लिहितोय, विशेषतः हद्दवाढ भागात आयुष्याची कमाई घालून गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्यांसाठी.

१. आधी हे कळू द्या की ठरवतं कोण

शहराचं नियोजन १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने चालतं, ऑफिसात सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. या कायद्याप्रमाणे सोलापूर महापालिका हे 'नियोजन प्राधिकरण'. पण ठरवणारा एकटा कोणी नाही, महापालिकेतले चार आणि वर शासन असे पाच थर आहेत आणि कोणाकडे कशासाठी जायचं ते माहीत नसलं की नुसती फिरफिर होते.

नगररचना विभाग नकाशे सांभाळतो, झोन दाखला (जागा कोणत्या वापराची आहे ते सांगणारा) देतो, प्रस्ताव तपासतो. आयुक्तांच्या अधिकारात परवाने निघतात, सही खालच्या अधिकाऱ्याची असली तरी. महासभा म्हणजे नगरसेवकांचं सभागृह, नवीन डीपी करायचा इरादा जाहीर करणं किंवा झोन बदलाचा प्रस्ताव पाठवणं याचे ठराव तिथे होतात (मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली त्यानंतर प्रशासक होते, तेव्हा हे अधिकारही आयुक्तांकडेच होते, हे लक्षात ठेवा कारण त्या काळातले ठराव शोधायचे असतील तर 'प्रशासकीय ठराव' म्हणून मागावे लागतात). चौथी नियोजन समिती, डीपीवर आलेल्या हरकती ही ऐकते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. आणि सगळ्यात वर राज्य शासनाचा नगरविकास विभाग, तो पुण्याच्या नगररचना संचालनालयाचं मत घेऊन डीपी मंजूर करतो.

याचा अर्थ काय तर तुमच्या प्लॉटवरचं आरक्षण (मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी डीपीत जागा राखून ठेवणं) नगरसेवक काढू शकत नाही, आयुक्तही एकटे काढू शकत नाहीत. "साहेबांशी बोलणं झालंय, दोन महिन्यात उठतंय" असं सांगून कोणी जागा विकत असेल तर तिथून उठून या.

२. जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे ते बघा

हे सोपं वाटतं पण सोलापुरात इथेच घोळ होतो. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी बरीच गावं शहरात आली, त्यामुळे पत्त्यात गावाचं नाव आणि सातबारा असला तरी परवाना महापालिकेचा लागतो. उलट कुंभारीसारखं गाव शहराला लागून असलं तरी महापालिकेबाहेर आहे, तिथे जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना खात्याची जिल्हा शाखा यांच्याकडे जायचं, ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला प्लॉट असेल तर तिथे एमआयडीसी हेच प्राधिकरण, महापालिकेच्या नगररचनेत चौकशी करून उपयोग नाही.

दोन जागी आणखी जपा. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घेऊनच काम. किल्ला ऐन शहरात असल्यामुळे आजूबाजूच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास करताना हे अंतर टेप लावून मोजलेलं बरं. आणि दुसरं होटगी रोडचं विमानतळ, त्याच्या आसपास उंचीवर मर्यादा आहे. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली ती याच विमानांच्या अडथळ्याच्या विषयावरून, त्यामुळे या भागात चार-पाच मजले चढवायचा विचार असेल तर उंचीचा दाखला आधी बघा आणि मगच आर्किटेक्टला पैसे द्या.

३. कागद गोळा करा

पुढच्या प्रत्येक पायरीला हेच कागद लागतात, म्हणून एकदाच फाईल करा आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स ठेवा:

- चालू तारखेचा सातबारा, सिटी सर्वे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक
- खरेदीखत आणि इंडेक्स टू
- फेरफार, निदान मागच्या दोन-तीन व्यवहारांचे
- भूमि अभिलेखची मोजणी नकाशाची 'क' प्रत
- मंजूर लेआऊटची प्रत, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख वाचता येईल अशी
- बिनशेती आदेश किंवा सनद
- जुन्या टीपी स्कीममधली (नगररचना योजनेतली) जागा असेल तर फायनल प्लॉट नंबर (सर्वे नंबर आणि फायनल प्लॉट नंबर वेगळे असतात, अर्जात दोन्ही लिहा)
- मालमत्ता कराची पावती, घर असेल तर लाईट बिल, जितकं जुनं मिळेल तितकं चांगलं

मोजणीची 'क' प्रत बहुतेक लोक टाळतात कारण वेळ जातो आणि फी भरावी लागते. टाळू नका. तुमची हद्द कुठे संपते हेच कागदावर नसेल तर रस्ता तुमच्यात किती फूट येतो हे कोण आणि कशावरून सांगणार?

४. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, आणि तो नीट वाचा

महापालिकेच्या नगररचना विभागात सर्वे नंबर टाकून अर्ज करायचा, फी भरायची. विभागीय कार्यालयांत कराची आणि पाण्याची कामं होतात, झोन दाखला तिथे मिळत नाही, मुख्य इमारतीतच जावं लागतं. दोन कागद मागा. झोन दाखल्यावर शब्दात लिहिलेलं असतं की जागा निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती की सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात आहे. भाग नकाशा म्हणजे डीपीच्या नकाशाचा तुमच्या सर्वे नंबरपुरता तुकडा. नुसता झोन दाखला घेऊन परत येऊ नका, दोन्ही घ्या. ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येते, किती दिवसात द्यायची ते कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं आणि त्या मुदतीत नाही मिळालं तर अपील करता येतं.

आता वाचायचं कसं. निवासी बहुधा पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, शेती हिरवा, पण रंगावर भरवसा न ठेवता नकाशावरची सूची बघा, झेरॉक्स काळी-पांढरी असेल तर रंगीत मागा. मग तीन गोष्टी शोधा.

पहिली, आरक्षण. नकाशात एक नंबर आणि त्यापुढे उद्देश लिहिलेला असतो, खेळाचं मैदान, बगीचा, प्राथमिक शाळा, दवाखाना, भाजी मंडई असा. दाखल्यावर 'निवासी विभाग' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, निवासी विभागातच आरक्षणं पडतात. सर्वे नंबर मोठा असेल तर दाखल्यात 'अंशतः निवासी, अंशतः आरक्षण क्रमांक अमुक' असं येतं, आणि विकणारा हमखास सांगतो की तो अंशतः भाग पलीकडच्या प्लॉटवाल्याचा आहे. तो म्हणतो म्हणून मानायचं नाही, मोजणी नकाशावर आरक्षणाची हद्द टाकून मागा.

दुसरी, डीपी रस्ता. तुमच्यासमोर आज सहा मीटरची बोळ असेल आणि डीपीत तोच रस्ता बारा किंवा अठरा मीटर दाखवलेला असेल तर रुंदीकरणात दोन्ही बाजूची जागा जाते. शिवाय भाग नकाशाचं स्केल बघा. १:५००० असेल तर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवर पाच मीटर, म्हणजे पेनाची रेघ जरा जाड झाली तरी तुमची अख्खी हॉलची खोली त्या रेघेखाली जाते. म्हणून रस्ता प्लॉटला टेकून जातोय असं वाटत असेल तर नगररचनेकडून जागेवर रस्त्याची आखणी मागायची, लेखी अर्ज करून. नकाशाकडे बोट दाखवून "तुमचा वाचतोय" असं कोणी म्हणालं तर त्या बोटाचा उपयोग शून्य.

तिसरी, नाला. पूररेषा, नाल्याच्या कडेचं सोडायचं अंतर. सोलापुरात उन्हाळ्यात कोरडे दिसणारे ओढे लोकांनी बुजवून प्लॉट पाडलेत आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी बरोबर आपल्या जुन्या वाटेने घरात येतं. यात मी अजिबात मवाळ नाही, नाल्यातला प्लॉट फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पूर्व भागात घरातच किंवा घराला लागून यंत्रमाग चालवणारी खूप कुटुंबं आहेत. त्यांनी हे बघावं की निवासी विभागात कोणते छोटे उद्योग किती हॉर्सपॉवर आणि किती कामगारांपर्यंत चालतात, हे बांधकामाच्या नियमावलीत तक्त्यात दिलेलं आहे. जागा वाढवायच्या आधी तो तक्ता वाचून घेतला तर पुढची नोटीस टळते.

५. गुंठेवारी आणि 'लेआऊट मंजूर आहे' या दोन जागी थांबा

हद्दवाढ भागातले सगळ्यात जास्त हाल इथे होतात. शेतजमीन घेऊन चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जातात, रंगीत ब्रोशर छापतात, त्यावर मंदिर, बाग, चाळीस फुटी रस्ता सगळं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मालक, काय टेन्शन घेऊ नका, हद्दवाढमध्ये सगळं असंच असतंय."

तुम्ही एकच मागायचं, लेआऊटच्या अंतिम मंजुरीची प्रत. तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तात्पुरती मिळाल्यावर विकणाऱ्याने रस्ते, गटार, खुली जागा वगैरे प्रत्यक्ष करायचं असतं आणि मग अंतिम मिळते. जमीन ०.४ हेक्टर किंवा जास्त असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ती नकाशात कुठे आहे ते बघा आणि जागेवर जाऊन बघा, कारण तीच खुली जागा पुढे प्लॉट म्हणून विकल्याचे प्रकार होतात.

नोटरी केलेल्या कागदावर गुंठा विकत घेऊ नका, त्याने मालकी येत नाही.

आधीच गुंठेवारीत घर असेल तर घाबरून जायचं कारण नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट आणि बांधकामं नियमित करायची सोय झाली. पण सगळीच होत नाहीत, आरक्षणातली, डीपी रस्त्यातली, नाल्यातली अडकतात, म्हणून आधी वरचा भाग नकाशा काढा आणि मगच नियमितीकरणाचा अर्ज करा. आणि एकदा प्रमाणपत्र मिळालं की ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याच्या लायकीचं समजा, कर्ज, परवाना, विक्री सगळं त्यावर चालतं.

६. डीपी बनतो कसा, आणि तुमचा आवाज कुठे लागतो

डीपी म्हणजे पुढच्या वीसेक वर्षांचा शहराचा नकाशा. क्रम असा: इरादा जाहीर होतो, मग शहराचा सर्वे करून 'विद्यमान जमीन वापर नकाशा' बनतो, त्यावर प्रारूप डीपी तयार होऊन प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, नियोजन समिती सुनावणी घेऊन अहवाल देते, त्यानुसार बदल होऊन ते शासनाकडे जातं आणि शासन मंजूर करतं. शासनाने मोठे बदल सुचवले तर तेवढ्या भागासाठी पुन्हा हरकती मागवतात, त्याला ऑफिसात 'ईपी' म्हणतात आणि बरेच लोक इथे झोपलेले असतात कारण त्यांना वाटतं डीपी तर मंजूर झाला.

माझं मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी प्रारूप नाही, त्याआधीचा विद्यमान जमीन वापर नकाशा आहे. कारण साधं आहे. त्या नकाशात तुमची वस्ती मोकळी जमीन म्हणून दिसली तर आखणाऱ्याला तिथे मैदान टाकायला काहीच वाटणार नाही, त्याच्या टेबलावर तिथे घरंच नाहीत. गुंठेवारीतल्या वस्त्यांचं नेमकं हेच होतं, शंभर घरं उभी, लाईट आहे, चार-पाच दिवसांनी का होईना नळाला पाणी येतं, पालिका घरपट्टीही घेते, आणि नकाशात शेत. म्हणून सर्वेची माणसं भागात फिरतायत असं कळलं की वस्तीतल्या चार जणांनी मिळून नगररचनेला पत्र द्या, करपावत्यांच्या झेरॉक्स जोडा, फोटो जोडा आणि लिहा की या सर्वे नंबरमध्ये अमुक इतकी घरं आहेत ती नकाशात घ्यावीत.

प्रारूप कधी प्रसिद्ध होतं हे कळण्यासाठी राजपत्र आणि स्थानिक पेपरातल्या जाहीर नोटिसा. संचार, सकाळ, लोकमत, पुढारी यातलं जे घरी येतं त्यातलं बारीक अक्षरातलं पान वाचायची सवय लावा. महापालिकेत नकाशे बघायला लावलेले असतात, मोबाईलवर फोटो काढून समाधान मानू नका, तुमच्या भागाच्या शीटची प्रत विकत घ्या.

आणि एक सापळा: "प्रारूप आहे, अजून मंजूर कुठंय" म्हणून सोडून देऊ नका. परवान्याचा अर्ज तपासताना प्रसिद्ध झालेला प्रारूप डीपीसुद्धा बघतात, म्हणजे आरक्षण मंजूर व्हायच्या आधीच तुमचं काम अडू शकतं.

७. हरकत लिहायची कशी

'आमच्यावर अन्याय झाला आहे तरी आरक्षण रद्द करावे' एवढ्याने काही होत नाही. समितीपुढे अशा पत्रांचे गठ्ठे असतात. हरकतीत तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय बाधित होतं, तांत्रिक कारण काय, आणि दुसरा मार्ग कोणता. नमुना असा:

"विषय: प्रारूप विकास योजनेतील शीट क्र. … मधील प्रस्तावित १२ मीटर रस्त्याबाबत हरकत.
मी मौजे शेळगी येथील स.नं. … पैकी … चौ.मी. जागेचा मालक असून जागेवर पक्के घर आहे. सन … पासूनची मालमत्ता कराची पावती सोबत जोडली आहे. हे घर विद्यमान जमीन वापर नकाशात दर्शविलेले नाही. प्रस्तावित रस्त्याच्या आखणीत माझे घर व शेजारील घरे बाधित होतात. सदर रस्ता उत्तरेकडील स.नं. … च्या हद्दीवरून नेल्यास तेथे मोकळी जमीन असून एकही घर बाधित होत नाही व रस्त्याची लांबीही वाढत नाही. पर्यायी आखणी सोबतच्या नकाशावर लाल रेषेने दर्शविली आहे. तरी आखणीत बदल करावा व मला सुनावणीची संधी द्यावी."

बस, एक पान. शेवटचं सुनावणीचं वाक्य विसरू नका. सोबत भाग नकाशाची झेरॉक्स आणि त्यावर तुमची लाल रेघ. हा पर्याय दिला की समितीला विचार करायला काहीतरी हातात मिळतं, नाहीतर त्यांच्यापुढे रस्ता ठेवायचा की काढायचा एवढंच उरतं आणि बहुधा ठेवतात.

सगळ्या कॉलनीने एकाच अर्जावर दोनशे सह्या करण्यापेक्षा प्रत्येक घराने आपली हरकत वेगळी द्यावी आणि वर एक सामूहिक द्यावी. सुनावणीची नोटीस हरकत घेणाऱ्याला जाते, एकाच अर्जावर पहिल्या नावाच्या माणसाला जाते आणि तो त्या दिवशी पुण्याला मुलाकडे गेलेला असतो. मुदत नोटिशीत छापलेली असते, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही.

८. सुनावणीत काय होतं

कोर्टासारखं काही नसतं, घाबरू नका. तुमचा हरकत क्रमांक पुकारतात, तुम्ही आत जाता, समितीपुढे नकाशा पसरलेला असतो आणि बोलायला मिळतात मोजकी मिनिटं. लोक तिथे जाऊन वडिलांनी जागा कशी घेतली, भावाने कसं फसवलं ते सांगत बसतात आणि वेळ संपतो. वयस्कर माणसं रडायला लागतात, बघवत नाही, म्हणून सांगतो, घरातल्या मोठ्यांना न्यायचं असेल तर न्या पण बोलायचं एकाने आणि ते आधी घरी बोलून बघायचं.

पहिलं वाक्य शीट नंबर आणि सर्वे नंबर. दुसरं, काय बाधित होतं. तिसरं, पर्याय. नकाशावर तुमची जागा तुम्हीच बोटाने दाखवा. घराचे फोटो मोठ्या आकारात छापून न्या, मोबाईल समितीपुढे फिरवत बसू नका. निघताना लेखी म्हणणं पुन्हा द्या आणि त्याचीही पोच घ्या. वकील असलाच पाहिजे असं नाही, पण नकाशा समजणारा इंजिनिअर सोबत असेल तर फार फरक पडतो.

९. मधेच झोन बदलायचा असेल तर

डीपी मंजूर झाल्यावरही एखादा झोन किंवा आरक्षण बदलता येतं, ते एमआरटीपीच्या कलम ३७ खाली. सभागृहाचा ठराव, मग राजपत्र आणि पेपरात नोटीस, एक महिन्यात हरकती, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे आणि तिथून मंजुरी. याला वर्षं लागू शकतात. म्हणून 'शेती झोन आहे पण निवासी व्हायला टाकलाय' या भरवशावर निवासी भावाने जमीन घेऊ नका. ठरावाची प्रत दाखवली तरी तो फक्त पहिला टप्पा आहे.

हेच कलम उलट बाजूनेही कामाला येतं. तुमच्या कॉलनीच्या मैदानाचं आरक्षण बदलून दुसरं काही करायचा घाट चालला असेल तर त्यालाही हीच एक महिन्याची मुदत असते, आणि त्यात शेजारच्या कोणीही हरकत घेऊ शकतं, जागेचा मालक असायची गरज नाही. मैदानं वाचवायची असतील तर पोरांच्या आईबापांनी हे करायला पाहिजे, मनापासून सांगतो.

१०. आरक्षण पडलंच तर

जागा फुकट जात नाही. पालिकेने ती घ्यायची तर कलम १२६ प्रमाणे समझोत्याने पैसे देऊन, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) देऊन किंवा भूसंपादन करून घ्यायची. काही आरक्षणांत मालकाने ठरलेला भाग बांधून पालिकेला द्यायचा आणि उरलेला आपण वापरायचा अशी सोय नियमावलीत आहे, त्याला समावेशक आरक्षण म्हणतात.

पालिकेने काहीच केलं नाही तर कलम १२७. अंतिम डीपी अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यायची, मालकीचे कागद जोडून. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यात संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नुसता प्रस्ताव पाठवला, पत्रव्यवहार केला याला पाऊल म्हणत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. पण ही नोटीस मात्र वकिलाकडूनच द्या, कागद अपुरे जोडले किंवा तारीख चुकली तर पुढे कोर्टात सगळं तिथेच अडकतं.

११. परवाना थोडक्यात

डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर, सोलापूरही त्यात आहे. अर्ज ऑनलाइन जातो, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला, म्हणजे साधारण दीड गुंठ्याला, कागद आणि फी भरल्याची पावती हाच परवाना मानतात, आणि १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसात परवाना द्यायचा असतो. पण प्लॉट मंजूर लेआऊटमधला किंवा नियमित झालेला हवा, म्हणजे गाडी पुन्हा पाचव्या पायरीवर येते.

दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१०. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर वरचा प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) किंवा टीडीआर मिळत नाही, म्हणून बिल्डरशी बोलताना रस्त्याची रुंदी मोजून जा.

परवाना एक वर्ष चालतो, नूतनीकरण करत करत एकूण चार वर्षं. जोत्याची तपासणी करून घ्या आणि शेवटी वापर परवाना घ्याच, तो नसला की पुढे घर विकताना आणि कर्जाला त्रास होतो.

१२. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

साठ दिवसात उत्तर नाही आलं तर कायद्यात परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण तुमचा नकाशा नियमात आणि डीपीत बसत असेल तरच. त्या जोरावर परस्पर काम सुरू करू नका, आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा, कलम ४७ खाली शासनाकडे ४० दिवसात अपील करता येतं आणि हे दिवस पत्र मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पाकीट जपून ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागतो.

फाईल कुठे अडकलीय हे कळत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयाचं तिकीट, नगररचना विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, उत्तराला तीस दिवस. 'माझ्या फाईलचं काय झालं' असं विचारू नका, कागद मागा: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरची टिपणी, प्रत्येक टेबलावर फाईल आल्या-गेल्याच्या तारखा, नियोजन समितीचा अहवाल, तुमच्या हरकत क्रमांकासमोरची शिफारस आणि शीटची प्रमाणित प्रत. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्याच विभागातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसात अपील टाका, आणि त्यालाही मूळ अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा.